मधलं ग्राफिक्स कार्ड : नवशिक्यांनी क्रमाने करायच्या चुका

ग्राफिक्स कार्ड घेताना चुका होणारच. त्या निदान नीट क्रमाने व्हाव्यात, एवढंच आपल्या हातात असतं. पुष्कळ नवशिके शेवटची चूक आधी करून बसतात. तीन पंख्यांचं, फूटभर लांब कार्ड घरी येतं, आई त्याला हळदकुंकू लावते, आणि मग कळतं की ते कॅबिनेटमध्ये मावत नाही. असा विस्कळीतपणा टाळावा म्हणून ही मार्गदर्शिका. ती साधारण पंचवीस ते पन्नास हजारांच्या कार्डांपुरतीच आहे, म्हणजे ज्यांना दुकानदार मिड-रेंज म्हणतो आणि घरचे ‘एवढ्यात अख्खा कॉम्प्युटर येत नाही का रे?’ म्हणतात. त्याहून महाग कार्ड घेणाऱ्याला सल्ला नको असतो, कौतुक हवं असतं. ते इथे मिळणार नाही.

पहिली चूक : आधी कार्ड ठरवा, कारण नंतर शोधा. बाकीच्या सगळ्या चुका हिच्याच पोटी जन्माला येतात, म्हणून ही मन लावून करावी. आपण कोणते खेळ खेळतो, हा विचार मनात आलाच तर झटकून टाका. समजा, तुम्ही आणि तुमचे मित्र रात्री जेवणं आटोपली की व्हॅलरंट खेळता आणि पुढचं वर्षभरही तेच खेळणार आहात. २०२० मध्ये हा खेळ आला तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं की सेकंदाला ६० फ्रेमसाठी जीटी ७३० पुरे. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड, आणि तेव्हाही ते कुणी मिरवायला घेत नव्हतं. शिवाय व्हॅलरंट काय किंवा काउंटर-स्ट्राइक काय, अशा खेळांत फ्रेम वाढवायच्या तर बरंचसं ओझं प्रोसेसरवर पडतं, कार्ड निवांत बसून असतं. एवढं समजलं की चाळीस हजारांची खरेदी जागच्या जागी बारगळते. तेव्हा खेळांची यादी करू नका.

घरच्यांनी विचारलंच, तर ‘जीटीए सिक्स येतोय’ म्हणून सांगा. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा पहिला ट्रेलर आला, त्यासोबत प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स यांची नावं जाहीर झाली, पीसीचं झालं नाही. आधीचा जीटीए फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडलं. हा हिशेब कुणी तुमच्यासमोर मांडला तर विषय बदला.

काही माणसं भाजी आणायला जातानाही यादी नेतात. अशांसाठी उलटा क्रम सांगून ठेवतो : आधी खेळ, मग मॉनिटर, मग एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा, आणि सगळ्यात शेवटी कार्ड. त्यांनी एवढं वाचून मार्गदर्शिका मिटली तरी चालेल. बाकीच्यांनी पुढे या.

दुसरी चूक मॉनिटरची, आणि ती अगदी सोपी आहे. मॉनिटरकडे पाहायचंच नाही. घरात दहावीच्या सुट्टीत घेतलेला साडेअठरा इंची मॉनिटर असतो, त्याला निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते, तिचे दोन्ही स्क्रू गंजून बसलेले असतात. हल्लीच्या कार्डांना व्हीजीए पोर्टच नसतं. मग रात्री साडेनऊला कन्व्हर्टर शोधायला बाहेर पडावं लागतं आणि चाळीस हजारांचं कार्ड १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर चित्र काढू लागतं.

गणित फार अवघड नाही. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये हे सगळे रंगवायचे असतात. १४४० पी च्या पडद्यावर ३६,८६,४०० ठिपके, म्हणजे काम जवळजवळ पावणेदोनपट. फोर-के तर फुल एचडीच्या बरोबर चौपट. मधल्या पट्ट्यातलं कार्ड फुल एचडीत मजेत चालतं, १४४० पी ला थोडी तडजोड मागतं, आणि फोर-केचं नाव काढलं की पंखे किंचाळतात. दुसरी गोष्ट हर्ट्झची. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्ड १४० फ्रेम काढत असेल तर उरलेल्या ऐंशी फ्रेमचे पैसे तुम्ही दिले, पण त्या पाहिल्या नाहीत. (माउस थोडा चपळ वाटतो, हे कबूल. पण तेवढ्यासाठी एवढे पैसे?) ६० हर्ट्झच्या पडद्यावर महाग कार्ड लावण्यापेक्षा एक पायरी खालचं कार्ड आणि १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेणारा माणूस जास्त सुखी असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आजवर ते कुणी ऐकलेलं नाही, कारण मित्रांना स्क्रीनशॉट कार्डाच्या नावाचा पाठवायचा असतो.

आता नावांकडे वळू. तिसरी चूक इथे होते आणि तिच्यात कंपन्या मनापासून साथ देतात. नियम असा शिकवला जातो : एन्व्हिडियाच्या चार आकड्यांतले पहिले दोन पिढी सांगतात, शेवटचे दोन वर्ग. ५०६० म्हणजे पन्नासाव्या मालिकेतलं साठाच्या वर्गातलं कार्ड. साठ म्हणजे मधलं. मागे ‘टीआय’ लागलं की थोडं वरचं. इथवर ठीक. पण नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याची जुनी आणि समृद्ध परंपरा या धंद्यात आहे. २०१६ चं जीटीएक्स १०६० दोन प्रकारांत मिळायचं, ६ जीबी आणि ३ जीबी. ग्राहकाला वाटे, फरक मेमरीचा. प्रत्यक्षात ३ जीबीवाल्याच्या चिपमधले कोअरही कमी होते, १२८० च्या जागी ११५२. त्याआधीचं जीटीएक्स ९७० हे ४ जीबीचं म्हणून विकलं गेलं, पण त्यातला शेवटचा अर्धा जीबी इतका हळू होता की अमेरिकेत खटला झाला आणि २०१६ मध्ये दर कार्डामागे ३० डॉलर परत देण्याची तडजोड झाली. आरटीएक्स ३०६० आधी १२ जीबीचं आलं, मागाहून त्याच नावाने ८ जीबीचं आलं, आणि त्याचा मेमरीकडे जाणारा रस्ताही १९२ बिटवरून १२८ बिटवर आला. २०२२ मध्ये ‘४०८० १२ जीबी’ जाहीर झालं तेव्हा मात्र इतकी ओरड झाली की कंपनीने ते बाजारात येण्याआधीच मागे घेतलं. ओरडण्याचा उपयोग होतो, हे त्यातून दिसलं. पण ते महागाचं कार्ड होतं. मधल्या कार्डासाठी तेवढा आवाज निघत नाही.

एएमडीवाल्यांनी निराश होऊ नये, तिकडेही भरपूर सोय आहे. डेस्कटॉपच्या कार्डांत ७६०० नंतर एकदम ९०६० एक्सटी आलं, मधली आठ हजारांची ओळ गेली कुठे हे विचारायचं नाही. एक्सटी, एक्सटीएक्स आणि जीआरई अशी शेपटं असतात. यातलं जीआरई म्हणजे मुळात गोल्डन रॅबिट एडिशन. चिनी पंचांगात २०२३ हे सशाचं वर्ष होतं, म्हणून कार्डाला सोनेरी सशाचं नाव. तांत्रिक अर्थ शोधत बसलेल्यांनी तो नाद सोडावा.

आज दुकानात हीच गोष्ट नव्याने उभी आहे. २०२५ मध्ये आलेलं ५०६० टीआय ८ जीबीतही मिळतं आणि १६ जीबीतही. ९०६० एक्सटीचंही तसंच. खोकं तेच, पंखे तेच, फक्त कोपऱ्यातला एक आकडा वेगळा. ऑनलाइन घेताना चार हजार वाचले म्हणून जो आनंद होतो, तो बहुधा याच कोपऱ्यातून आलेला असतो.

आणि यावरून चौथी चूक : फक्त जीबी मोजा. सांगायला सोपं पडतं म्हणून मेमरीचं एक उदाहरण देतो. कार्डाची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओटा लांबलचक असला म्हणून पोळ्या भराभर होत नाहीत, त्यासाठी लाटणारीचा हात चालावा लागतो. पण ओटा अपुरा असेल, तर कितीही चलाख हात असला तरी दर दोन मिनिटांनी काहीतरी उचलून डायनिंग टेबलावर ठेवावं लागतं आणि सगळं खोळंबतं. या चुकीच्या दोन बाजू आहेत आणि दोन्ही करून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली बाजू : ‘४ जीबी ग्राफिक्स कार्डसह गेमिंग पीसी’ अशी पाटी वाचून हुरळून जाणं. आत तेच जीटी ७३० निघतं, डीडीआर३ मेमरीचं, ज्याच्या काही प्रकारांत सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी माहिती इकडून तिकडे जाते. ५०६० मध्ये ती ४४८ जीबी जाते. ओटा आहे, हात नाही. दुसरी बाजू : चांगली चिप आहे, मग ८ जीबीत काय बिघडतं, असं म्हणणं. मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पीसीवर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांवर त्याने जी दैना उडवली, ती पाहून पुष्कळांचे डोळे उघडले. पुढे दुरुस्त्या झाल्या, खेळ सुधारला, पण दिशा कळायची ती कळली. मेमरी भरली की सरासरी फ्रेम फारशा पडत नाहीत, पण ऐन मोक्याच्या क्षणी चित्र अडखळतं, किंवा भिंतींचा रंग मातकट, गिलावा न केल्यासारखा दिसू लागतो. कार्ड नुसत्या ऑनलाइन नेमबाजीसाठी हवं असेल तर ८ जीबी घ्या. चार-पाच वर्षं नवे, कथा असलेले, मोठ्ठे खेळ खेळायचे असतील तर पोटाला चिमटा काढून १६ घ्या. तेवढे पैसे नसतील तर इंटेलचं आर्क बी५८० आहे, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत २४९ डॉलरला आलेलं, १२ जीबीचं. पण ते रीसायझेबल बार नावाची सोय असलेल्या नव्या मदरबोर्डवरच नीट चालतं, आणि प्रोसेसर जुना असेल तर त्याला धाप लागते. जुन्या पीसीत स्वस्तातलं नवं कार्ड टाकू पाहणाऱ्यासाठीच नेमकं ते नाही, हा या कार्डाचा विनोद आहे.

पाचवी चूक रात्री एक वाजता, अंथरुणात, मोबाइलवर करायची असते. यूट्यूबवर चार कार्डं शेजारी-शेजारी पळताना दाखवणारे व्हिडिओ पाहा. व्हिडिओत कुणाचा हात, कुणाचं तोंड, कुठलंही कार्ड प्रत्यक्ष दिसत नसेल तर जास्तच विश्वास ठेवा. सरासरी फ्रेमचा मोठा आकडा पाहा आणि त्याखालचा ‘वन पर्सेंट लो’, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा आकडा, वाचू नका. वास्तविक खरं बिंग तोच फोडतो. सरासरी ८५ आणि वन पर्सेंट लो ३० असेल, तर खेळ पळत नाही, ठेचकाळतो.

मग येतात एआयच्या फ्रेम. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावर एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल. ४०९० हे १,५९९ डॉलरचं कार्ड. टाळ्या झाल्या. हे एआयशिवाय शक्य नाही, असं तेही म्हणालेच होते, पण टाळ्यांत असं काही ऐकू येत नाही. हिशेब असा की कार्ड एक फ्रेम खरोखर काढतं आणि त्यासोबतच्या तीन अंदाजपंचे दाहोदरसे घालतं. दिसायला चित्र गुळगुळीत होतं, यात खोटं काही नाही. पण तुमच्या माउसला उत्तर देते ती खरी फ्रेमच. मुळात २५ फ्रेम निघत असतील आणि कोपऱ्यात १०० दिसत असतील, तर डोळ्यांना शंभर आणि हाताला पंचवीस, असा संसार करावा लागतो. मुळात साठेक फ्रेम निघत असतील तर ही सोय वापरायला हरकत नाही. लहान चित्र काढून ते हुशारीने मोठं करणारं तंत्र, म्हणजे डीएलएसएस किंवा एफएसआर, हे मात्र मधल्या कार्डासाठी खरंच कामाचं आहे. ते निलाजरेपणाने वापरावं.

सहावी चूक एसएमपीएसची. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातात, हिच्यात धूर येतो. कॅबिनेटचं डावीकडचं दार उघडा, मागच्या बाजूला पत्र्याचा डबा दिसेल, त्यावर स्टिकर असतं. मोठ्या अक्षरांत ४५० किंवा ५०० लिहिलेलं असतं, ते वाचून समाधान मानायचं, ही चूक. खाली बारीक अक्षरांचा तक्ता असतो. त्यात +१२V चा रकाना शोधा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर तिथे कधी कधी १५A लिहिलेलं सापडतं. बारा गुणिले पंधरा, १८० वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः याच बारा व्होल्टवर जगतात. ५०६० एकटं १४५ वॅट मागतं, ५०६० टीआय १८०. वर प्रोसेसरचे ६५ तर कुठेच गेले नाहीत. वरच्या ४५० चं काय झालं, असं विचाराल तर तो आकडा स्टिकर छापणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा होता. एन्व्हिडिया ५०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, आणि तो नावाजलेल्या कंपनीचा असावा. दुकानदार ‘कन्व्हर्टर देतो ना’ म्हणत मोलेक्स नावाच्या जुन्या वायरीतून आठ पिनची जोडणी काढून देऊ लागला, तर नमस्कार करून बाहेर पडा. या एका वाक्यात विनोद नाही.

यूपीएसचंही पाहून घ्या. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. महावितरणने ऐन बॉस फाइटला वीज घालवली, की यूपीएस तुमच्या आधी मरतो.

एवढी तयारी झाली की बाजारात जा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. पुण्यात तापकीर गल्ली. कुठेही गेलात तरी काउंटरवरचा संवाद ठरलेला असतो.

‘प्रोसेसर कोणता आहे तुमचा?’

‘आय-सेव्हन.’

‘कितवी जनरेशन?’

‘काका, आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन.’

इथे काका चष्मा वर करून तुमच्याकडे पाहतात. आय-सेव्हन २०१२ सालीही होता आणि आजही आहे, आणि मधल्या पिढ्यांत केवढं अंतर पडलंय ते काकांना माहीत असतं. बारा वर्षांच्या आय-सेव्हनवर नवं कार्ड लावलं तर कार्ड वाट पाहत बसतं आणि प्रोसेसर घाम पुसतो. काका हे सांगतील किंवा सांगणार नाहीत, ते दुपारपर्यंत किती गिऱ्हाईक झालं त्यावर अवलंबून आहे.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर सातवी चूकही करून घ्या : विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवा. २०२०-२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी मायनिंगसाठी कार्डं पोत्यांनी उचलली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली आणि ती सगळी कार्डं एका रात्रीत बेकार झाली, मग ‘एकाच हाताने वापरलेलं, फक्त ऑफिसकामासाठी’ म्हणून बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलली तर पुष्कळ चालतात. खोट्या नावाचं कार्ड मात्र वाईट असतं. आरएक्स ५८० म्हणून मिळणाऱ्या कार्डांत ‘२०४८ एसपी’ नावाचा एक प्रकार आहे, चिनी बाजारासाठी काढलेला, खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर असतात तिथे याच्यात २०४८. विकणाऱ्याच्या घरीच, पीसी चालू असताना, जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडून शेडरचा आकडा वाचा. बनावट कार्ड त्याला ओळखू आलं तर ते नावाआधी सरळ ‘फेक’ लिहितं. विकणारा ‘नेट बंद आहे’ म्हणाला, तर तुमच्या पेनड्राइव्हवर ते आधीच असू द्या.

आठवी चूक न्यू जर्सीच्या मावसभावाची. तिथे २९९ डॉलर, मग इथे एवढे का, म्हणून त्याला बॅगेत आणायला सांगायचं. तिथल्या किमतीत राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो, इथल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, शिवाय पुष्कळ कंपन्यांची वॉरंटी देशापुरतीच असते. थोडे पैसे वाचतात, पण पुढची तीन वर्षं प्रत्येक लग्नात मावशी विचारते, ‘ते आणलेलं चालतंय ना रे?’

आता घरी. कार्ड बसवलं, एसएमपीएसची आठ पिनची वायर खट्कन आवाज येईपर्यंत दाबली, मॉनिटरची केबल मात्र सवयीने मदरबोर्डच्या पोर्टात खोचली. ही नववी चूक, आणि ती केलेले लोक महिनोन्‌महिने ‘एवढा काही फरक वाटत नाही’ म्हणत फिरतात. केबल खाली, कार्डाच्या पोर्टात. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ तपासा. १४४ चा मॉनिटर मुकाट ६० वर चालत असतो आणि कुणालाही सांगत नाही. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. आजीने शिवलेलं कव्हर प्रेमाने घडी करून ठेवा. नागपूर-अकोल्याच्या वाचकांनी मे महिन्यात कॅबिनेटचं एक दार उघडंच ठेवलं तरी कुणी नावं ठेवणार नाही, फक्त धूळ दर महिन्याला झाडा.

दहावी चूक खरं तर दुकानातच होऊन गेलेली असते. ‘बिल नको असेल तर अजून थोडं कमी करतो’ या वाक्याला आपण हो म्हणालेलो असतो. तेवढी करू नका. कार्डाला बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागायला गेलात की खोक्यावरचा वाघ-सिंह कुणी बघत नाही, बिल आणि सिरीयल नंबर बघतात. तेव्हा पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि ते चकचकीत थर्मल कागदावर असेल तर आज रात्रीच त्याचा फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची अक्षरं तीन वर्षं टिकत नाहीत.